आज घ्यावा की थांबावे : लॅपटॉप-खरेदीच्या प्रश्नाचा आढावा

बारावीचा निकाल लागून अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या, की जुन्या पनवेलच्या टपाल नाक्यापासून नवीन पनवेलच्या सेक्टरांपर्यंत ज्या ज्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जाण्याच्या तयारीत असते, त्या बहुतेक घरांत एक प्रश्न उपस्थित होतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो दिवाळी उलटून गेली तरी अनिर्णीतच राहतो. लॅपटॉप आजच घ्यावा, की काही महिने धीर धरून पुढच्या वर्षीचा, अधिक वेगाचा आणि कदाचित अधिक स्वस्त असा घ्यावा? चाळीस हजारांपासून लाखापर्यंतची रक्कम एकाच जिनसावर खर्च करण्याचा प्रसंग मध्यम स्थितीच्या कुटुंबात वरचेवर येत नाही. म्हणून या प्रश्नाकडे केवळ हौसेचा प्रश्न म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही.

शिवाय तो विद्यार्थ्यांपुरता राहिलेलाही नाही. १८५२ साली नगरपालिका लाभलेले, २०१६ साली महानगरपालिका झालेले आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्याच्या शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले असे हे शहर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इतके पालटले आहे, की येथील जवळजवळ प्रत्येक व्यवसायाचे दफ्तर आता संगणकाच्या पडद्यावर येऊन बसले आहे. सातबाराचा उतारा, फेरफाराची नोंद, मुद्रांकशुल्काचा भरणा, जीएसटीची विवरणपत्रे, तळोज्याच्या कारखान्यांच्या निविदा, हे सारे व्यवहार आता त्याच वाटेने होतात. आणि म्हणून वकील, करसल्लागार, ठेकेदार, लग्नपत्रिका व कार्यअहवाल जुळवणारे डीटीपीवाले, हार्बर मार्गाच्या गाडीने सव्वा तासाहून अधिक प्रवास करून मुंबईची कचेरी गाठणारे नोकरदार, यांपैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा हाच निर्णय करावा लागतो.

जे थांबतात, ते सर्व एकाच कारणासाठी थांबत नाहीत. कोणी भाव उतरण्याची वाट पाहतो, कोणी नव्या प्रोसेसरची. आणि तिसरा वर्ग, जो माझ्या मते संख्येने सर्वांत मोठा आहे, त्याचे आपल्याला हे यंत्र नेमके कशासाठी हवे याविषयीच मन ठरलेले नसते, परंतु विचारले असता तोही भावाचे किंवा प्रोसेसरचेच कारण पुढे करतो. पहिल्या दोघांना बाजाराच्या माहितीचा उपयोग होईल. तिसऱ्याला बाजार काहीही उत्तर देऊ शकणार नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

वाट पाहण्याची सवय आपल्या मागील पिढीला नवी नव्हती. परवान्यांच्या राज्यात आकुर्डीच्या कारखान्यातून निघणाऱ्या बजाज चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून कित्येक वर्षे थांबणारी घरे महाराष्ट्रात हजारोंनी होती, आणि मुलगा शाळेत असताना नोंदवलेली स्कूटर तो नोकरीला लागल्यावर हाती पडली, तरी त्यात कोणाला फारसे नवल वाटत नसे. मात्र त्या प्रतीक्षेत ग्राहकाला निर्णय असा काही करावयाचा नव्हता. आणि ज्या वस्तूसाठी तो थांबला होता, ती वस्तू थांबण्याच्या काळात जवळजवळ तशीच राहत असे. आजच्या प्रतीक्षेचे स्वरूप याच्या अगदी उलट आहे. वस्तू दुकानात तयार आहे, पैसेही पुष्कळदा तयार आहेत, आणि तरीही माणूस थांबतो; कारण थांबण्याच्या काळात वस्तूच पालटणार आहे, अधिक चांगली होणार आहे, अशी त्याची समजूत असते.

ही समजूत निराधार नव्हे. तिला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १९६५ साली गॉर्डन मूर या अमेरिकी तंत्रज्ञाने असे भाकीत केले, की एका चकतीवर बसवता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक घटकांची संख्या दरसाल दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्याने ही मुदत दोन वर्षांवर आणली, आणि त्यानंतर कित्येक दशके उद्योगाची वाटचाल सामान्यतः या भाकिताला धरून झाली. त्या काळात दोन वर्षे थांबणाऱ्याला त्याच पैशांत ठळकपणे चांगले यंत्र मिळे, आणि ज्याने आज खरेदी केली त्याला वर्षभरात हळहळ वाटे. परंतु घटक लहान होत जातात तसतशी त्यांची विजेची गरजही त्याच प्रमाणात उतरत जाते, हा जो या प्रगतीचा दुसरा पाया होता, तो २००५-०६ च्या सुमारास ढासळला. प्रोसेसरच्या ठोक्यांचा वेग उष्णतेपायी खुंटला, आणि पुढची सुधारणा गाभ्यांची संख्या वाढवून, विजेचा वापर आटोक्यात आणून, बारीकसारीक मार्गांनी होऊ लागली. आज एका वर्षाच्या अंतराने आलेल्या दोन लॅपटॉपांवर पत्रलेखन, हिशेब, अभ्यासक्रमातील प्रोग्रॅमिंग किंवा न्यायालयीन मसुदे ही कामे करून पाहिली, तर सामान्य माणसाला त्यांतला फरक बहुधा जाणवणारही नाही. आपल्या मनातली अपेक्षा मात्र अजून १९९५ सालचीच राहिली आहे.

त्यात रुपयाची गोष्ट निराळी. २०१० च्या सुमारास एका डॉलरला सुमारे पंचेचाळीस रुपये पडत. डिसेंबर २०२५ च्या आरंभी हा दर नव्वदीच्या पलीकडे गेला. १९९७ साली भारताने माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारल्यामुळे लॅपटॉपवर मूळ आयातशुल्क नाही. जुळणी देशात झाली तरी आतले बहुतेक मोलाचे भाग बाहेरून येतात, आणि त्यांची किंमत डॉलरमध्येच ठरते. परदेशात दहा टक्क्यांनी स्वस्त झालेला भाग पनवेलच्या दुकानात पोहोचेपर्यंत तितकाच स्वस्त राहील, याची म्हणूनच हमी देता येत नाही.

नव्याच्या आशेने जुने घेण्याचे थांबवणाऱ्या ग्राहकाची कथा विक्रेत्याच्या बाजूनेही पाहण्यासारखी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. तमिळनाडूत बालपण गेलेला आणि पुढे २००३ साली कोडाईकॅनल येथे निवर्तलेला अॅडम ऑस्बोर्न याने १९८१ साली अमेरिकेत हातात धरून नेता येईल असा संगणक बाजारात आणला. त्याचे वजन अकरा किलोंच्या घरात होते, पडदा पाच इंचांचा होता, आणि १,७९५ डॉलर ही त्याची किंमत त्या काळी इतकी माफक ठरली, की मागणी पुरवता पुरवता कंपनीची दमछाक झाली. मग १९८३ साली पुढच्या, अधिक चांगल्या यंत्राची वार्ता ते विक्रीस तयार होण्यापूर्वीच बाहेर पडली, विक्रेत्यांनी व ग्राहकांनी चालू यंत्राची मागणी थांबवली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. प्रतिस्पर्ध्यांची स्वस्त यंत्रे हेही त्या पतनाचे मोठे कारण होते, हे अभ्यासकांचे म्हणणे मला पटते. तरीपण त्या घटनेपासून संगणकाच्या धंद्याने धडा घेतला, आणि पुढच्या मालाची वाच्यता केव्हा व किती करावयाची याचे गणित तो फार काळजीपूर्वक मांडू लागला. आपण आज ज्या वार्ता वाचून थांबतो, त्यांपैकी पुष्कळ वार्ता या गणिताचाच भाग असतात.

असे असले तरी थांबणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरावा, असे प्रसंग येऊन गेले आहेत. २२ जून २०२० रोजी अॅपल कंपनीने जाहीर केले, की आपल्या संगणकांतून इंटेलचे प्रोसेसर काढून स्वतःचे बसवले जातील आणि पहिले यंत्र त्याच वर्षाअखेर येईल. त्याप्रमाणे नोव्हेंबरात एम-१ प्रोसेसरची यंत्रे आली, आणि वेगात व बॅटरीच्या टिकाऊपणात त्यांनी आदल्या यंत्रांना फार मागे टाकले. ज्यांनी ते पाच महिने कळ काढली त्यांचे कल्याण झाले. ज्यांनी घाई केली त्यांच्या हाती असे यंत्र आले, की जून २०२५ मध्ये कंपनीने, टाहो ही आपल्या प्रणालीची आवृत्ती इंटेलच्या यंत्रांसाठी शेवटची, असे सांगून त्याची मुदतच मुकरर केली. या प्रसंगाचे वैशिष्ट्य असे, की येणारी सुधारणा कोणती, ती कोण आणणार आणि केव्हा आणणार, या तिन्ही गोष्टी आधी घोषित झालेल्या होत्या. ज्या प्रतीक्षेला असे नाव आणि अशी तारीख आहे तिचा विचार अवश्य करावा. ‘पुढे काहीतरी चांगले येईलच’ या भरवशावर काढलेल्या महिन्यांना मात्र शेवट नसतो, कारण पुढे काहीतरी येतच राहते.

विंडोजच्या बाजूला अशीच एक तारीख उलट दिशेने आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी सुरक्षेची एक विशिष्ट चकती आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आवश्यक असल्यामुळे, २०१७ पूर्वीची बहुतेक चालू यंत्रे अधिकृत मार्गाने पुढे जाऊ शकत नाहीत. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि अशिलांचे कागद आहेत, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झाल्यावर थांबण्याचा युक्तिवाद टिकत नाही. वाढीव दुरुस्त्यांची सोय केलेल्या घरगुती ग्राहकालाही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच सवलत आहे.

त्या मानाने, २०२४ च्या जूनपासून कृत्रिम बुद्धिमत्तेचे लॅपटॉप म्हणून जी यंत्रे पुढे आली, त्यांच्यासाठी कोणी खोळंबून राहावे असे मला वाटत नाही. सेकंदाला चाळीस लाख कोटी क्रिया करणारा स्वतंत्र भाग त्यांत असावा, अशी मायक्रोसॉफ्टची अट आहे, आणि तो भाग निकामी आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु आपला विद्यार्थी किंवा वकील कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे साहाय्य आज घेतो, ते बहुतांशी ब्राउझरमधून, दूर कोठेतरी ठेवलेल्या सर्व्हरवरून येते, आणि त्यासाठी सात वर्षांपूर्वीचे यंत्रही पुरते. या अटीमुळे झालेला खरा लाभ निराळाच आहे: तिच्यात किमान सोळा जीबी रॅमची मागणी असल्यामुळे बाजारातील आठ जीबीची जुनी रूढी ढिली झाली. अॅपलनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या लॅपटॉपांची किमान रॅम सोळा जीबी केली.

नव्याची वाट पाहणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे, की नवे नाव म्हणजे नवे अंतरंग नव्हे. एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर सात हजारांच्या मालिकेतला, म्हणून २०२३ चा दिसतो. परंतु त्यातला तिसरा आकडा, म्हणजे दोन, हा त्याच्या गाभ्याची रचना सांगतो, आणि ती रचना मुळात २०१९ ची आहे. इंटेलनेही जुन्या पिढीचे गाभे नव्या क्रमांकांखाली विकले आहेत. वर्षभर थांबून असे यंत्र घेणाऱ्याने वर्ष घालवले आणि पदरी मागचेच पडले, असा प्रकार होतो, आणि दोष त्याचा नसतो; आकड्यांची ही भाषा सामान्य ग्राहकाला उकलावी अशी मुळी रचलेलीच नाही, याची मला चीड येते.

भावाचा विचार करताना आपल्याकडे पंचांगही पाहावे लागते. भाद्रपदातला पितृपक्ष संपेपर्यंत मोठी खरेदी टाळण्याची वहिवाट कायम आहे. दसरा आणि पाडवा हे मुहूर्त आहेत. आणि २०१४ पासून ऑनलाइन विक्रेत्यांनी आपले महोत्सव नेमके याच सुमारास भरवण्याचा प्रघात पाडला आहे. त्या दिवसांत बँकेच्या कार्डांवरील सवलतीसह पाच-दहा टक्क्यांचा लाभ होतो, हे नाकारता येणार नाही. मात्र सवलतीत मिळणारा माल पुष्कळदा मागील वर्षीचा असतो. तो वाईट असतो असे नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे वर्षाच्या अंतराला फारसा अर्थ उरलेला नसल्यामुळे विचारी ग्राहकाने तोच घ्यावा असे मी म्हणेन. परंतु नव्या यंत्राच्या आशेने थांबलेला माणूस जेव्हा अखेर जुनेच यंत्र सवलतीत घेतो, तेव्हा त्याच्या थांबण्याचे मूळ कारण उरत नाही. सप्टेंबर २०२५ मधील जीएसटीच्या फेररचनेत मोठे दूरचित्रवाणी संच अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आले, तेव्हा लॅपटॉपही स्वस्त होतील असा पुष्कळांचा समज झाला; वस्तुतः लॅपटॉप आधीपासूनच अठरा टक्क्यांच्या टप्प्यात होते आणि तेथेच राहिले.

भाव सावकाश उतरतात आणि एकाएकी चढतात, हा या बाजाराचा स्वभाव गेल्या पंधरा वर्षांत चार वेळा तरी उघड झाला आहे. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, हार्डडिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि त्यांच्या किमती जवळजवळ दुप्पट झाल्या. २०२० साली टाळेबंदी झाली, १५ जूनपासून राज्यातील शाळा ऑनलाइन सुरू झाल्या, घरोघरी एकाच वेळी मागणी उठली आणि मध्यम किमतीचे लॅपटॉप दुकानांतून नाहीसे झाले. दोन भावंडांनी एका मोबाइलवर तास केले, अशी घरे पनवेल परिसरात थोडीथोडकी नव्हती. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले, दुसऱ्याच दिवशी ते नोव्हेंबरपर्यंत तहकूब केले आणि पुढे आयातीच्या परवानगीची सौम्य पद्धत आणली. एका अधिसूचनेने बाजार कसा हादरतो हे त्या दोन दिवसांत दिसले. आणि २०२५ च्या अखेरीपासूनची स्थिती तर या सर्वांहून अधिक लांबणारी दिसते. रॅमचे उत्पादन मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांना लागणाऱ्या खास रॅममध्ये नफा कितीतरी अधिक असल्यामुळे कारखाने तिकडे वळले, आणि सुट्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने क्रुशियल हे आपले सामान्य ग्राहकांसाठीचे नावच बंद करण्याचे जाहीर केले. नवे कारखाने उभारून त्यांतून माल निघायला वर्षे लागतात. अशा काळात भाव उतरण्याच्या आशेने थांबणे म्हणजे पूर चढत असताना नदीकाठी उतार शोधत बसण्यासारखे आहे.

आता एक साधा हिशेब. साठ हजारांचा लॅपटॉप पाच वर्षे चालेल असे धरले, तर त्याचा भार दरमहा एक हजार रुपये पडतो. सहा महिने थांबल्याने तोच लॅपटॉप सहा हजारांनी स्वस्त मिळाला असे समजू. शिवाय ही खरेदी सहा महिने पुढे गेल्यामुळे तिच्यानंतरची खरेदीही तितकीच पुढे जाईल, म्हणजे सहा महिन्यांचा भार, आणखी सहा हजार, वाचला. एकूण लाभ बारा हजारांचा, अर्थात दरमहा दोन हजारांचा. ज्याचे काम त्या यंत्रावाचून अडले आहे आणि त्या कामाचे मोल महिन्याला दोन हजारांहून अधिक आहे, त्याने थांबून तोटाच केला. ज्याचे जुने यंत्र चालू आहे, त्याने मात्र कामाचे सगळे मोल धरू नये, जुन्या आणि नव्या यंत्रांतल्या फरकाचेच धरावे, आणि असे धरले की त्याच्यासाठी थांबणे पुष्कळदा रास्त ठरते. किंमत उतरण्याऐवजी चढली, तर हिशेबाची एक बाजू अर्थातच शून्याखाली जाते.

व्यापारी आणि व्यावसायिक यांच्या हिशेबात आणखी एक तारीख येते. प्राप्तिकरात संगणकावर चाळीस टक्के घसारा मिळतो. परंतु वर्षात १८० दिवसांहून कमी काळ वापरलेल्या मालमत्तेवर त्या वर्षी निम्माच मिळतो. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आला होता. त्या दिवशी घेऊन लगेच कामाला लावलेले यंत्र पूर्ण घसाऱ्याला पात्र ठरले, आणि वीस दिवसांनी, दिवाळीच्या पाडव्याला घेतलेले निम्म्या. राहिलेला घसारा बुडत नाही, पुढे सरकतो, आणि अनुमानित उत्पन्नावर कर भरणाऱ्यांना याचा स्वतंत्र लाभ नाही. तथापि ज्यांचे रीतसर जमाखर्च आहेत, त्यांनी सप्टेंबरातल्या सवलतीसाठी ऑगस्टात थांबणे आणि नोव्हेंबरातल्या सवलतीसाठी सप्टेंबरात थांबणे, या दोन गोष्टी सारख्या मानू नयेत.

विद्यार्थ्याचा विचार मला अधिक सविस्तर करावासा वाटतो, कारण या निर्णयाची झळ त्यालाच सर्वांत अधिक लागते. पनवेल परिसरातील अभियांत्रिकी, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांत येणारी मुले केवळ शहरातली नसतात. कर्जत, खालापूर, उरण, पेण या बाजूंनी एसटीने आणि लोकलने येणारी पुष्कळ असतात, आणि त्यांच्या घरी लॅपटॉपची रक्कम ही शेताच्या उत्पन्नातून किंवा फंडाच्या उचलीतून उभी राहते. अशा मुलाने पहिल्याच सत्रात, वर्ग सुरू होण्यापूर्वी, घाईघाईने महागडे यंत्र घ्यावे काय? प्रथम वर्षाचा पुष्कळसा भाग गणित, भौतिकी, रसायन आणि कर्मशाळा यांत जातो. प्रोग्रॅमिंगची प्रात्यक्षिके महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होतात. कोणती शाखा कायम राहणार हे प्रवेशाच्या अखेरच्या फेरीपर्यंत निश्चित नसते, आणि संगणक शाखेला पुरणारे यंत्र यंत्र-अभियांत्रिकीच्या त्रिमित आरेखनाला पुरेलच असे नाही. म्हणून पहिल्या सत्रापुरते थांबणे त्याच्या बाबतीत सर्वथा समर्थनीय आहे. ती प्रतीक्षा बाजाराची नसते, स्वतःची गरज कळण्याची असते. उलट जो मुलगा घरी बसून प्रोग्रॅमिंग करू लागला आहे, ज्याचे शिकणे प्रयोगशाळेच्या वेळेपाशी येऊन अडते, त्याला दिवाळीच्या सवलतीसाठी चार महिने अडवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. अठराव्या वर्षीचे चार महिने पुढे कोणत्याही सवलतीत परत मिळत नाहीत. आणि घ्यायचे ते सोळा जीबी रॅमचे, पाचशे बारा जीबी एसएसडीचे, घ्यावे. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, परंतु आजकाल पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य फलकावरच डाखलेली असते, आणि ती मागाहून वाढवता येत नाही.

डीटीपीवाल्यांची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक नाजूक आहे. त्यांच्यापैकी अनेकांचे वीस-वीस वर्षांचे काम पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपीसारख्या टंकांत साठलेले आहे. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ साली आली आणि ती शेवटचीच ठरली. नवे यंत्र घेतले म्हणजे केवळ यंत्र बदलत नाही. जुन्या फायली उघडतील काय, टंकांचे परवाने नव्या प्रणालीवर चालतील काय, जोडाक्षरे मोडतील काय, असे प्रश्न उभे राहतात. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम आधी, सवडीने, लग्नसराई नसताना उरकून मग यंत्र बदलावे, आणि तोवर जुन्या यंत्राला इंटरनेटपासून दूर ठेवून चालू ठेवावे, हेच मला श्रेयस्कर दिसते. वकील आणि करसल्लागार यांनी एआरएम पद्धतीच्या नव्या प्रोसेसरांच्या बाबतीत अशीच दक्षता घ्यावी: डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि कचेरीतला जुना प्रिंटर त्या यंत्राला प्रत्यक्ष जोडून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. रोजच्या प्रवाशाला वेगापेक्षा वजन महत्त्वाचे. सव्वा किलोचे यंत्र आणि सव्वादोन किलोचे यंत्र यांतला भेद गर्दीच्या गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्यास सांगावा लागत नाही.

घेणे आणि थांबणे यांच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे, आणि त्याचा विचार सर्वांत कमी केला जातो. पाच-सहा वर्षांच्या मंदावलेल्या लॅपटॉपमधली फिरती हार्डडिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली, थकलेली बॅटरी बदलली आणि पंख्यातली धूळ झाडली, तर नव्या यंत्राच्या किमतीच्या अल्पशा भागात तेच यंत्र दोन वर्षे समाधानकारक काम देते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात, जेथे वीज केव्हाही जाते आणि हवा चार महिने ओली असते, तेथे चांगली बॅटरी ही केवळ सोय राहत नाही. रॅमच्या सध्याच्या भावामुळे ती वाढवणे मात्र पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही. मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून परत केलेली यंत्रे मुंबईच्या डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे लॅमिंग्टन रोडवर, दुरुस्त करून विकली जातात. बिल, बॅटरीची स्थिती आणि विंडोज ११ ची पात्रता यांची खातरजमा करून घेतल्यास नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत विद्यार्थ्याची दोन-तीन वर्षे त्यावर निभावतात.

पैसे कोठून आणावयाचे हा प्रश्न शेवटी येतो, पण अनेक घरांत निर्णय तोच करतो. विनाव्याज म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांत व्याज सवलतीच्या रूपाने वळते केलेले असले, तरी त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रियाशुल्क ग्राहकाच्याच माथी बसते. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या संगणकाचा खर्च अंतर्भूत करता येतो, परंतु ही तरतूद कित्येक पालकांना कर्ज मंजूर झाल्यानंतर कळते. महाविद्यालयांना माझी आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी आपल्या माहितीपुस्तिकेत शाखावार दोन ओळी छापाव्यात: या शाखेला स्वतःचा लॅपटॉप कोणत्या सत्रापासून लागतो, आणि त्यात किमान किती रॅम, कसला प्रोसेसर व कोणती प्रणाली असावी. एवढा मजकूर महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी हाती असेल, तर खालापूरच्या शेतकऱ्याला तो कर्जाच्या अर्जाला जोडता येईल, दुकानदारासमोर ठेवता येईल, आणि मुलाचे तिसरे सत्र सुरू होण्यापूर्वी किती महिने हाती आहेत ते बोटांवर मोजता येईल.